फैजपूरचा ठराव आणि साने गुरुजींची काँग्रेस

१९३८ साली अमळनेरहून एक मराठी साप्ताहिक निघू लागले. संपादक होते पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच सर्वांचे साने गुरुजी, आणि साप्ताहिकाचे नाव होते ‘काँग्रेस’. त्या वेळी मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचेच मंत्रिमंडळ अधिकारावर होते. त्यामुळे हे साप्ताहिक सत्ताधारी पक्षाचे मुखपत्र असेल, असा कोणाचाही समज झाला असता. प्रत्यक्षात याच काळात गुरुजी अतिवृष्टीने बुडालेल्या पूर्व खानदेशातील शेतकऱ्यांसाठी शेतसारा माफ करा, अशी मागणी घेऊन गावोगाव सभा घेत होते, मिरवणुका काढत होते आणि कलेक्टर कचेरीवर मोर्चे नेत होते. सारा वसूल करणारे सरकार काँग्रेसचे आणि तो माफ करा म्हणणारा माणूसही काँग्रेसचाच. गुरुजींना त्यात विसंगती दिसत नव्हती. पक्षाने जे लिहून दिले होते तेच आपण मागत आहोत, अशी त्यांची धारणा होती.

हे लिहून दिलेले कोठे होते, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

गुरुजी मूळचे खानदेशचे नव्हेत. २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोलीजवळच्या पालगड येथे त्यांचा जन्म झाला. घराणे खोताचे. एके काळी संपन्न असलेले हे घर वडिलांच्या हयातीतच कर्जाने खचले. ‘श्यामची आई’ वाचलेल्यांना ती कहाणी सांगायला नको. १९१७ मध्ये आई गेली. दापोली, औंध आणि पुणे असे हाल सोसत त्यांचे शिक्षण झाले. पुढे तत्त्वज्ञानाच्या ओढीने ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून ही संस्था १९१६ मध्ये उभी राहिली होती. तेथील निव्वळ ग्रंथचिंतनात त्यांचे मन रमले नाही आणि १९२४ मध्ये ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांच्या आजारपणात रात्री जागणारा, त्यांच्यासाठी रोज हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढणारा हा शिक्षक थोड्याच काळात ‘गुरुजी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. खानदेशाने त्यांना दिलेले हे नाव नंतर साऱ्या महाराष्ट्राने स्वीकारले.

१९३० मध्ये त्यांनी शाळेचा राजीनामा दिला आणि सविनय कायदेभंगात उडी घेतली. येथून त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग तुरुंगात गेला. धुळे, त्रिचनापल्ली, पुन्हा धुळे, नाशिक. त्रिचनापल्लीला दक्षिणेतल्या सत्याग्रहींच्या सहवासात त्यांना तमिळची गोडी लागली. आंतरभारतीच्या कल्पनेचे बी तेथलेच. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते. फेब्रुवारी ते जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने केली आणि गुरुजींनी ती टिपून घेतली. ‘गीता प्रवचने’ आज घरोघरी आहे ती या टिपणामुळे. पुढच्या वर्षी, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या अवघ्या पाच दिवसांत, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून झाली. तिच्या लोकप्रियतेने गुरुजींचे एक नुकसान केले. हळव्या, रडव्या लेखकाची प्रतिमा इतकी रुजली, की कामगारांच्या दारात सभा घेणारे आणि मंत्र्यांना जाब विचारणारे गुरुजी झाकले गेले.

राजकीयदृष्ट्या गुरुजींच्या आयुष्यातला निर्णायक प्रसंग फैजपूरचा. काँग्रेसची अधिवेशने तोवर मोठ्या शहरांत भरत. ती खेड्यात भरावीत, ही महात्मा गांधींची इच्छा. त्यानुसार २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी पूर्व खानदेशातील फैजपूर या केळीच्या मुलखातल्या गावी काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे खानदेशातले कार्यकर्ते महिनोन्‌महिने राबले. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातच मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी टिळकनगर सजविले. गुरुजींनी अधिवेशनासाठी गावे पालथी घातली आणि अधिवेशनाच्या दिवसांत मैला वाहण्याचे व ग्रामसफाईचे काम पत्करले. व्यासपीठावर बसण्याची पात्रता असलेल्या माणसाने बादली उचलावी, हे तेव्हाच्या काँग्रेसमध्ये अगदीच अपूर्व नव्हते. दहा वर्षांनी ते अपूर्व झाले असते.

अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. याच सुमारास किसान सभेचेही अधिवेशन फैजपूरला भरले. मनमाडहून शेतकऱ्यांचा एक जथा पायी चालत आला आणि त्याच्या स्वागताला नेहरू, शंकरराव देव, मानवेंद्रनाथ रॉय, आचार्य नरेंद्र देव, डांगे असे परस्परांपासून दूर उभे राहणारे लोक एकत्र आले. अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव केला. शेतसारा आणि खंड कमी करावा, न परवडणाऱ्या जमिनीवर सारा असू नये, कर्जाचा बोजा हलका करावा, वेठबिगार व सरंजामी देणी बंद करावीत, कुळाला जमिनीची शाश्वती मिळावी, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी कायद्याने मिळावी, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता द्यावी, असे त्याचे स्वरूप होते. ठरावाची भाषा अनेक तडजोडींतून आलेली होती आणि जमीनदारी नष्ट करण्याचे वचन तिच्यात नव्हते. तरीही सावकार, सारा आणि दुष्काळ यांत पिचलेल्या कापूस उत्पादकाला आपल्या गावाजवळ येऊन देशातल्या सर्वांत मोठ्या पक्षाने इतके सांगितले, हे साधे नव्हते. गुरुजींनी तो ठराव शब्दशः घेतला. पुढच्या साऱ्या संघर्षाचे मूळ येथे आहे.

१९३७ च्या फेब्रुवारीत निवडणुका झाल्या. मुंबई इलाख्यात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला. अधिकारपदे स्वीकारावीत की नाहीत, हा प्रश्न फैजपूरने पुढे ढकलला होता. जुलैमध्ये तो सुटला आणि खेर मंत्रिमंडळ आले. महसूल खाते मोरारजी देसाई यांच्याकडे गेले.

या सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कर्जनिवारणाचा आणि कुळांना मर्यादित संरक्षण देणारा कायदा १९३९ मध्ये आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. पण दारूबंदी म्हणजे अबकारी उत्पन्नावर पाणी. ज्या तिजोरीतून हे उत्पन्न जायचे होते, त्याच तिजोरीतून शेतसाऱ्याची सूटही द्यावी लागणार होती. एक तत्त्व पाळण्यासाठी दुसऱ्याला थांबवावे लागते, हे राज्य चालविणाऱ्याला पहिल्याच वर्षी कळते. कोणाला थांबवायचे, याच्या उत्तरावरून पक्षात कोणाचे वजन आहे ते उघड होते. खानदेशातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे वजन कमी भरले.

इतरत्रही हेच दिसत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. फैजपूरच्या ठरावाशी या विधेयकाचा सूर जुळणारा होता, तरीही काँग्रेस पक्षाने ते पुढे जाऊ दिले नाही. पालगडच्या खोताच्या घरात जन्मलेले गुरुजी खानदेशात शेतकऱ्यांचे राज्य मागत असताना त्यांच्या जन्मभूमीतल्या कुळांना काँग्रेसच थांबवीत होती. याच सरकारने १९३८ मध्ये संपावर निर्बंध घालणारा औद्योगिक कलहाचा कायदा केला. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी संप पुकारला. त्या दिवशी मुंबईत पोलिसांचा गोळीबार झाला. गोळीबाराचे हुकूम परकीय सरकारच देते, या समजुतीवर वाढलेल्या पिढीला हा धक्का होता.

खानदेशात कामगारांचा प्रश्न अमळनेर आणि धुळ्याच्या गिरण्यांचा होता. गुरुजींनी तेथे कामगार संघटना बांधण्यास हात दिला. येथे एक अवघडलेपण होते. ज्या प्रतापशेठांच्या दानातून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, त्यांच्याच नावाची गिरणी अमळनेरात होती. गुरुजींना या गावात आणणारा आणि गुरुजींनी ज्याच्या फाटकासमोर उभे राहावे असा, पैसा एकच होता. काँग्रेसच्या दृष्टीने गिरणीमालक हे खादी, शिक्षण आणि चळवळ यांना देणग्या देणारे देशभक्त होते आणि हे खोटेही नव्हते. देणगीदार आणि मालक ही एकाच माणसाची दोन रूपे आहेत, हे मात्र पक्षाला उच्चारता येत नव्हते. गुरुजींनी ते उच्चारले, व्यक्तीविषयीचा आदर न सोडता.

या वर्षांत पक्षाचा देहही बदलत होता. १९३६ मध्ये काही लाख असलेली काँग्रेसची सभासदसंख्या १९३९ पर्यंत चाळीस लाखांच्या पलीकडे गेली. तुरुंगात जाण्याची तयारी हा ज्या पक्षात प्रवेशाचा निकष होता, तेथे आता मंत्र्यांपर्यंत पोहोचण्याची सोय हा निकष झाला. कालपर्यंत खादीची टिंगल करणारे सावकार, वकील आणि ठेकेदार खादी घालून आले. खोट्या सभासदनोंदणीच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की स्वतः गांधीजींना त्यांवर कठोर लेखन करावे लागले. तत्त्वे बदलण्यासाठी कोणालाही ठराव मांडावा लागला नाही. फैजपूरचा ठराव कधीच रद्द झाला नाही. तो वाचणारे कमी झाले, एवढेच. पक्ष आपल्या तत्त्वांपासून ढळतो तो बहुधा असाच, ठराव कपाटात सुरक्षित ठेवून.

गुरुजी या काळात गांधीवादाकडून समाजवादाकडे आणि काही अंशी साम्यवाद्यांकडेही ओढले गेले. शेतकरी-कामगारांत प्रत्यक्ष काम करणारे तरुण त्यांना तेथे भेटत होते. त्यांची ही ओढ पोथीतली नव्हती. मार्क्स आणि माउली एकाच श्वासात मानणारा हा माणूस कोणत्याच पोथीत बसला नसता. १९४० मध्ये युद्धविरोधी प्रचारासाठी ते पुन्हा तुरुंगात गेले. बाहेर येतात तोच १९४२ चे आंदोलन उभे राहिले आणि सोव्हिएत रशिया युद्धात उतरल्यामुळे कम्युनिस्ट पक्षाने कालच्या साम्राज्यशाही युद्धाला लोकयुद्ध ठरवून चळवळीला विरोध केला. एका पक्षाला सत्तेने वळविले होते, दुसऱ्याला दूरच्या राजधानीतल्या घडामोडींनी. गुरुजींनी कम्युनिस्टांची साथ सोडली, भूमिगत झाले आणि एप्रिल १९४३ मध्ये मुंबईच्या मूषक महालात एस. एम. जोशी, ना. ग. गोरे आदी सहकाऱ्यांसह पकडले गेले. १९४५ च्या आरंभी त्यांची सुटका झाली.

आता स्वातंत्र्य दारात होते आणि काँग्रेसची सारी घाई सत्तांतराची होती. अशा वेळी गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचा प्रश्न काढला. अस्पृश्यतानिवारण हे काँग्रेसचे जुने, अधिकृत तत्त्व. १९३८ च्या कायद्याने मंदिरे खुली करण्याचा मार्ग दिला होता. पण निर्णय विश्वस्तांच्या मर्जीवर ठेवला होता. ज्यांनी दार बंद केले त्यांनीच ते उघडावे, अशी ती तरतूद. गुरुजींनी १९४७ च्या पहिल्या महिन्यांत महाराष्ट्रभर दौरा काढला, राष्ट्र सेवा दलाची कलापथके बरोबर घेतली, शेकडो गावांत सभा केल्या आणि १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले.

काँग्रेसमधल्या अनेकांना हे उपोषण गैरसोयीचे वाटले. कायदा होणारच आहे, इतकी घाई कशाला, हा त्यांचा युक्तिवाद. गांधीजींपर्यंतही अपुरी माहिती पोहोचली आणि त्यांनी तार करून उपोषण थांबविण्यास सांगितले. ज्यांच्यासाठी नोकरी सोडली, तुरुंग भोगला, त्यांचीच नापसंती पदरी घेऊन गुरुजी उपाशी राहिले. अखेर दादासाहेब मावळंकर यांच्या मध्यस्थीने बडव्यांशी बोलणी होऊन मंदिर खुले करण्याचे ठरले आणि १० मे रोजी उपोषण सुटले. गुरूची आज्ञा मोडून गुरूचे तत्त्व पाळण्याचा असा प्रसंग मराठी सार्वजनिक जीवनात विरळाच.

यानंतर घटना वेगाने घडल्या. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी मराठी होता, याचे प्रायश्चित्त म्हणून गुरुजींनी २१ दिवसांचे उपोषण केले. हत्येच्या आदल्याच दिवशी गांधीजींनी एक मसुदा तयार केला होता. स्वातंत्र्य मिळविण्याचे काम संपले, तेव्हा काँग्रेस पक्ष म्हणून विसर्जित करून तिचे लोकसेवक संघात रूपांतर करावे, असे त्यात सुचविले होते. हा मसुदा त्यांचे राजकीय मृत्युपत्र मानला गेला आणि मृत्युपत्रांच्या वाट्याला अनेकदा येते तेच त्याच्याही वाट्याला आले. काँग्रेसने त्याच सुमारास उलट दिशेचा निर्णय घेतला. पक्षांतर्गत पक्ष चालणार नाहीत, असा नियम केला. मार्च १९४८ मध्ये नाशिकच्या परिषदेत समाजवादी काँग्रेसबाहेर पडले. गुरुजींचे मन त्यांच्याबरोबर होते. ज्या नावाचे साप्ताहिक त्यांनी अमळनेरहून काढले होते, ते नाव मागे राहिले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी नवे साप्ताहिक सुरू केले, त्याचे नाव ‘साधना’.

पक्ष सोडताना बहुतेक पुढारी कडवट होतात. गुरुजींच्या लेखनात कडवटपणापेक्षा दुःख अधिक आहे. हाच त्यांचा दोषही म्हणता येईल. संघटना ताब्यात घेण्यासाठी जी चिकाटी, जे गणित आणि प्रसंगी जी कठोरता लागते, ती त्यांच्याजवळ नव्हती. खानदेशात त्यांना मानणारे हजारो लोक होते. तालुका काँग्रेस समित्यांत त्यांच्या विचाराचे बहुमत उभे करण्याचा प्रयत्न त्यांनी नेटाने केला असता, तर फैजपूरचा ठराव निदान एका जिल्ह्यात तरी कपाटाबाहेर राहिला असता, असे वाटल्यावाचून राहत नाही. त्यांनी सत्तेचे कोणतेही पद घेतले नाही. त्यागाच्या परंपरेत हे शोभते. परंतु पदे त्यागणाऱ्यांच्या रिकाम्या जागा कोण भरतो, हा प्रश्न ती परंपरा विचारत नाही. उपोषणाने मंदिराचे दार उघडता येते, जिल्हा समितीची निवडणूक जिंकता येत नाही.

१९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली. देशातल्या भाषांनी एकमेकींना ओळखावे, यासाठी संस्था उभारायची होती आणि तिच्यासाठी त्यांनी निधी जमविण्याचा प्रयत्न केला. फार हाती लागले नाही. ‘साधना’ चालविण्याची ओढाताण होतीच. भोवती जातीय द्वेष, काळाबाजार आणि सत्तेची स्पर्धा होती. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. त्यांना ५१ वे वर्ष चालू होते. या मृत्यूचे एकच एक कारण सांगण्याचा मोह अनेकांना झाला. मनाच्या जुन्या व्यथा आणि देशाच्या नव्या स्थितीचे दुःख त्यांत कसे मिसळले होते, हे बाहेरून ठरविता येत नाही.

ज्या समाजवादी पक्षाकडे ते आशेने पाहत होते, त्याची पुढची वाटही सरळ गेली नाही. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याला लोकसभेच्या अवघ्या १२ जागा मिळाल्या. त्याच वर्षी तो किसान मजदूर प्रजा पक्षात मिसळून प्रजा समाजवादी पक्ष झाला. १९५५ मध्ये आवडीच्या अधिवेशनात काँग्रेसनेच समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला, तेव्हा आपले वेगळेपण कशात, हेच समाजवाद्यांना सांगता येईना. त्याच वर्षाच्या अखेरीस लोहिया वेगळे झाले. पुढे अशोक मेहता काँग्रेसमध्ये गेले. उरलेले १९७७ मध्ये जनता पक्षात विलीन झाले.

फैजपूरच्या ठरावातील काही कलमे मात्र उशिरा का होईना अमलात आली आणि ती काँग्रेसच्याच राज्यात आली. कूळकायदा १९४८ मध्ये झाला. कोकणातील खोती १९४९ च्या कायद्याने संपली, म्हणजे आंबेडकरांचे विधेयक अडविल्यानंतर बारा वर्षांनी. सुधारित कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरविला आणि त्या दिवशी असंख्य कुळे कसत असलेल्या जमिनीची मालक मानली गेली. तोवर गुरुजींना जाऊन सात वर्षे होत आली होती. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत कुळांपेक्षा सालदार आणि रोजाने राबणाऱ्या शेतमजुरांची दैन्यावस्था मोठी होती. त्यांना जगण्यापुरती मजुरी देण्याचे कलम त्यानंतरही कितीतरी वर्षे कागदावरच होते.